दारातलं भांडण

सोमवार, सकाळ. उत्सवाला अजून अवकाश आहे.

लिफ्टवाल्या लेका,

तुझा राग अजून ताजा असेल. असू दे. रागावलेल्या माणसाला फोन केला तर तो ठेवून देतो. पत्राचं तसं नसतं. ते ठेवून दिलं तरी टेबलावर पडून राहतं आणि येता-जाता आपल्याकडे बघतं. म्हणून पत्र लिहिते. अक्षराला हसू नकोस. शाळेत मला साधी अक्षरं भेटली, जोडाक्षरं भेटायच्या आत घरी बसवलं. जोडाक्षरं मी पुढे साबणाच्या वेष्टनावरून शिकले, म्हणून ती एवढी स्वच्छ आहेत.

तू दुकानदाराला फोन करतोस हे मला कळलंय. परवा साखर मोजताना तो म्हणतो, "मावशी, गुडघा काय म्हणतोय?" इतकी वर्षं त्याच्याकडून सामान आणते, त्याने माझं तोंड कधी धड बघितलं नाही, आणि एकदम गुडघा. मी म्हटलं, "गुडघा म्हणतोय, साखर नीट मोज." हे त्याने तुला कळवलं असेलच.

बाबा गेल्यावर तू माझ्या पिशव्या भरल्यास, घराला कुलूप लावलंस आणि मला घेऊन डोंगर उतरायला लागलास. मी पहिल्या वळणापर्यंत आले. खरंच आले. तिथे दम खायला बसले आणि उठले ती वरच्या बाजूला तोंड करून. तू खालून ओरडलास, "मग बस तुझ्या देवीजवळ, मी पुन्हा चढायचा नाही." फुलवालीने ऐकलं, पुजाऱ्याने ऐकलं, माकडांनीसुद्धा ऐकलं. मला राग आला नाही. एवढ्या खालून शब्दन् शब्द वर पोचला, मी मनात म्हटलं, आवाज बापाचा घेतलाय पोराने. फक्त एक सांगते. अख्ख्या जगाला वर न्यायला तू लिफ्टा बसवत फिरतोस आणि घरच्या एका म्हातारीला खाली आणायला निघतोस, हे काही मला पटलेलं नाही.

असो. हे पुढचं चिमणीसाठी आहे, तिला वाचून दाखव. मागे तिने फोनवर विचारलं होतं, "आजी, वरची आई सगळ्यांकडे पाठ करून का बसते?" मी सांगणार तेवढ्यात तू फोन घेतलास आणि विमानाच्या तिकिटाचं बोलायला लागलास.

तर चिमणे, ऐक. वरची आई आणि खालचा देव आधी एकत्रच राहायचे, पायथ्याला, नदीकाठच्या देवळात. देवाला स्तुती फार आवडायची. लोक येऊन गायचे, हा डोळे मिटून ऐकत बसायचा आणि ताटातलं निवून जायचं. एक दिवस ती म्हणाली, "उठा आता." तो म्हणाला, "थांब जरा." ती म्हणाली, "मग मी जाते." तो सगळ्यांसमोर हसला आणि म्हणाला, "जाशील कुठे?"

बस, एवढंच. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. "जाशील कुठे" म्हणाला. तिने दिवा उचलला आणि डोंगर चढायला लागली. जिथे दम खायला टेकली तो खोलगट दगड अजून आहे, त्यावर बसून आता लोक फोटो काढतात. खालून त्याने हाक मारली, "खाली चल." ती म्हणाली, "ऐकू येत नाही," आणि आणखी वर गेली. माथ्यावर आली तेव्हा समोर भिंतीसारखा उभा कडा होता. कड्याकडे तोंड केलं, दरीकडे पाठ केली आणि बसली. देऊळ तिच्याभोवती नंतर बांधलं, म्हणून दार तिच्या पाठीला आलं.

त्यामुळे आपल्याकडे दर्शन म्हणजे पाठीचं आणि लांब दगडी वेणीचं. सकाळी पुजारी वेणीला तेल लावतो, फुलं माळतो, आणि मग कोपऱ्यात उभा राहून काशाचा आरसा तिरका धरतो. त्या आरशात तिचं तोंड दिसतं, तेही पापणी लवेपर्यंत. थंडीच्या दिवसांत तिला घोंगडी पांघरतात आणि आरसा दिव्यावर शेकून मगच धरतात, तिला गार लागू नये म्हणून. तुझे आजोबा तिचे शिंपी. त्या पाठीला कपडे शिवणं सोपं नव्हतं बरं. कडा तिच्या नाकापासून दोन बोटांवर, पुढे हात जात नाही. सगळं मागूनच नेसवायचं आणि मागूनच टाचायचं. आजोबा म्हणायचे, "हे एकच गिऱ्हाईक असं आहे, जे आरशात बघितल्यावरसुद्धा कुरकुरत नाही."

उत्सवाच्या दिवशी खालचा देव पालखीत बसून तिची समजूत काढायला वर येतो. दार बंद असतं. देवाच्या वतीने एक जण बाहेरून बोलतो, त्याच्या हातात चांदीच्या मुठीची काठी असते. आईच्या वतीने एक बाई आतून बोलते. लिहिलेलं काही नसतं, दर वर्षी नवं भांडण. आधी देवाने बोलायचं. शेवटी आई म्हणते, "पाणी प्या आणि उतरा." मग दार उघडतं, तिची धातूची छोटी मूर्ती उंबऱ्यावर आणतात, देवाला पाणी मिळतं, आणि तो आल्या वाटेने खाली जातो. दारात जो शब्द होईल तो वर्षभर चालतो, मोडता येत नाही.

काठी आजोबांकडे होती, दार माझ्याकडे. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं गावासमोर भांडलो आणि गाव पोट धरून हसलं. एका वर्षी ते बाहेरून म्हणाले, "देवी, तुझ्यावाचून घर ओस पडलंय." मी आतून विचारलं, "मग केर कोण काढतंय?" बाहेर नुसता हशा. घरी आल्यावर त्यांनी मुकाट्याने केर काढला, आणि पुढेही काढत राहिले. दारातला शब्द तो.

यंदा मी दारात बसणार नाहीये. म्हटलं, वय झालं, जरा आराम करावा.

तुझी आई


शुक्रवार. वारा फार, कागद उडतोय म्हणून वर कात्री ठेवलीय.

लेका,

तुझं उत्तर नाही. चालेल. पण काल दुकानदार म्हणाला, "मावशी, खरंच आराम करताय का?" म्हणजे पत्र पोचलं.

तर आता खरं सांगते. आराम-बिराम काही नाही. मला बसू देत नाहीत.

अध्यक्ष आले होते घरी. ते रे, खालच्या रस्त्यावर टायरचं दुकान आहे ते, आता देवस्थानचे अध्यक्ष झालेत. बरोबर खजिनदार होते आणि तो हॅलो होता. हॅलो म्हणजे सचिव. माईक दिसला की तो आधी हॅलो हॅलो म्हणतो, मग गप्प बसायचं विसरतो, म्हणून गावाने नाव ठेवलं. अध्यक्ष टेकायच्या आतच म्हणाले, "मावशी, गैरसमज करून घेऊ नका." असं कोणी म्हणालं की मी चहात दूध कमी घालते.

"आता काका राहिले नाहीत," अध्यक्ष म्हणाले, "गाभाऱ्यात सवाष्णीने बसावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं."

"सगळे म्हणजे कोण?"

"कमिटी," हॅलो म्हणाला.

"म्हणजे तुम्ही तिघं."

खजिनदारांनी कपात बघितलं. मी अध्यक्षांना विचारलं, "वरच्या आईचा नवरा कुठे राहतो?"

"खाली."

"आणि ती?"

"वर."

"एकटीच ना? मग तिला विचारून आलात का, नवऱ्यावाचून गाभाऱ्यात बसलेलं चालतं की नाही?"

हॅलो म्हणाला, "तो विषय वेगळा आहे." मी म्हटलं, "विषय एकच आहे, तुम्हीच बाजू बदलून बसलाय."

पण मला दाराबाहेर काढायचं खरं कारण पुढेच होतं. खाली रस्त्यालगत मोठं नवं देऊळ उभं केलंय, फरशी गुळगुळीत, बाकं, पंखे, गाड्या लावायला जागा. खालच्या देवाला नदीकाठावरून तिथे नेऊन बसवलंयही. यंदा आईने दारातून "येते" म्हणायचं. म्हणजे तिची छोटी मूर्ती पालखीतून खाली जाणार ती कायमची. पूजा खाली, उत्सव खाली, तेल-फुलं खाली. वरच्या पाठीला पुजारी कधीतरी जाऊन दिवा दाखवणार. आणि माझ्या तोंडून तर "येते" निघणार नाही, हे त्यांना माहीत आहे. म्हणून सवाष्ण.

आणि हॅलोने कागद तयार केलाय. भांडणाचा कागद, लेका. देवाचं बोलणं एका शाईने, देवीचं दुसऱ्या. पायथ्याला पाटीही रंगवलीय, की देवी पतीच्या दीर्घायुष्यासाठी तप करायला वर गेली. रंगारी पाटी रंगवत होता तेव्हा मी त्याला विचारलं, "देवाला आयुष्य कमी पडत होतं का रे?" तो म्हणाला, "मावशी, मी अक्षरावर पैसे घेतो, अर्थावर नाही."

एक गोष्ट मात्र अध्यक्ष बोलले ती माझ्या मनात राहिली. म्हणाले, "माझ्या आईचं कंबरडं मोडल्यापासून तिला दर्शन नाही. अशी किती म्हातारी माणसं आहेत. त्यांनी देवी न बघताच जायचं का?" आता हे काही खोटं नाही. त्यांची आई माझी जुनी मैत्रीण. मी दुसऱ्या दिवशी तिच्या नातीच्या फोनवर तिला गाठलं आणि विचारलं, "तुला देवी खाली आणून हवी का गं?"

ती म्हणाली, "मी याला म्हणते, मला खुर्चीत घाल आणि वर ने. तर हा देवीला खुर्चीत घालून खाली आणतोय. लहानपणापासून असाच आहे, सांगितलेलं काम सोडून दुसरंच करतो."

मी रडत-बिडत नाहीये. दुकानदाराला असलं काही सांगायला लावू नकोस. मला राग आलाय, आणि राग आला की मला भूक लागते, त्यामुळे तब्येत उत्तम आहे.

तुझी आई


बुधवार, दुपार

लेका,

आज कोण आलं होतं सांग. अध्यक्षांची सून. तीच बसणार आहे दारात. दवाखान्यात रक्त तपासते, हात फार हलका आहे तिचा. मागे माझं रक्त काढलं तेव्हा कळलंच नाही. तिला सासऱ्यांनीच पाठवलं, "मावशींकडून जरा सूर शिकून ये" म्हणून. मला बाहेर काढायचं आणि माझ्याकडूनच शिकवून घ्यायचं. मला एवढं हसू आलं की तिला वाटलं मी खोकतेय.

तिने कागद वाचून दाखवला. "स्वामी, मी आपलीच वाट पाहत होते. मला आपल्यासोबत घेऊन चला." असं वाचलं की जसं काही कोणाच्या रक्ताचा निकाल सांगतेय.

मी विचारलं, "तुला काय वाटतं, ती असं म्हणेल?"

"आजी, मला काय वाटतं ते कोण विचारतंय. कागदावर आहे ते म्हणायचं."

"बरोबर. कागदावर आहे ते म्हण. मी कुठे नको म्हणतेय."

मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण वाटच पाहत होती तर पाठ करून कशाला बसली?"

मी दुधावरची साय काढून तिला दिली.

मग तिला म्हटलं, बोलायचं काय ते तुझ्या कागदात आहे, मी फक्त बसायचं कसं ते सांगते. देव बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, त्याला संपवू द्यायचं. संपल्यावर लगेच उत्तर द्यायचं नाही. बाहेर देव थांबला की लोक श्वास धरतात, तो श्वास दाराच्या फटीतून ऐकू येतो. तो ऐकायचा, आणि मग बोलायचं. शक्यतो प्रश्नच विचारायचा. ती म्हणाली, "घरी मला कोणी काही बोललं की मी गप्पच बसते." मी म्हटलं, "मग अर्धं शिक्षण झालंय तुझं." जाताना माझ्या गुडघ्याला हात लावून बघितला आणि म्हणाली, "सूज आहे." सूज नाही. मांडी घालून बसल्यामुळे तसं दिसतं.

हॅलो रोज जीपमधून मागच्या कच्च्या रस्त्याने, कंबरडं मोडलेल्याने नाव काढू नये असे हिसके खात वर येतो आणि लाउडस्पीकरवर देवाची तालीम करतो. यंदा काठी त्याला मिळणार म्हणे. "प्रिये" म्हणतो रे. खालच्या देवाने तिला कधी प्रिये म्हटलंय का? तसं म्हणता आलं असतं तर ती गेलीच कशाला असती. फुलवालीचा कुत्रा तेवढा रोज उत्तर देतो त्याला.

आणि हो, मी सकाळी पहिल्या वळणापर्यंत उतरून परत चढून येते. नुसतं फिरायला. डॉक्टर सांगतातच ना, चाला म्हणून. आता खोलगट दगडापर्यंत जाते.

तुझी आई


उत्सवाचा आदला दिवस

लेका,

थोडक्यात लिहिते, आईच्या कपड्याची शेवटचा टाका राहिलाय. तो मीच शिवलाय, कमिटीला आठवलंच नाही की शिंपी गेला तर कपडे कोण शिवणार. तुझ्या बाबांच्या मशीनवर पाय पडत नव्हता आधी, मग पडला.

उद्या पहाटे उजाडलं की सहज पायथ्याला जाऊन येणार आहे. दोरा आणायचाय. लाल.

वर दोरा मिळत नाही का, असं विचारू नकोस.

तुझी आई


उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, पाय उशीवर ठेवून

लेका,

दुकानदाराने सांगायच्या आत मीच सांगते, गुडघा सुजलाय. चांगला सुजलाय. आणि इतका आनंद झालाय की सूज कुठे आहे ते बघायला सवड नाही.

दोरा घेतला आणि निघाले तर पालखीही निघत होती. वाट एकच, मग काय करणार, बरोबर चालले. पालखीच्या मागे काय होतं माहीत आहे का? खुर्ची. खुर्चीला दोन बांबू बांधलेले, चार पोरगे खांद्याला, आणि खुर्चीत अध्यक्षांची आई, डोक्यावर छत्री. मला बघून म्हणाली, "दिसायला कशी दिसतेय?" मी म्हटलं, "दुसरा देव." ती म्हणाली, "पहिला म्हण." मुलाला न विचारता निघाली होती.

खोलगट दगडापाशी पालखी टेकते आणि काठीवाल्याच्या हातात काठी देतात, ते तुला आठवत असेल. पालखीवाल्यांच्या म्होरक्याने काठी वर धरली आणि विचारलं, "काठीवाला कुठाय?"

तेवढ्यात वरून आवाज आला, "हॅलो, हॅलो."

सगळी पालखी हसली. हॅलो नवीन कपडे घालून जीपने आधीच वर पोचला होता, माईक तपासायला. खजिनदारांनी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "काठी वर घेऊन या, इथेच घेतो. काय फरक पडतो?"

म्होरक्याने फोन मागून घेतला. "फरक असा पडतो," तो म्हणाला, "की देव आमच्या खांद्यावर घामाघूम होऊन चढतोय आणि त्याचा माणूस जीपमधून. पायथ्यापासून जो पालखीबरोबर चालला नाही त्याला आम्ही काठी देत नाही. कधी दिली नाही." आणि फोन बंद करून खजिनदारांच्या खिशात घातला.

हे एवढं साधं हॅलोला कोणीच सांगितलं नव्हतं. कागदात बाकी सगळं होतं.

आता पायथ्यापासून चाललेलं कोण? बाकी गाव दाराशी जागा धरायला आधीच वर गेलेलं. पालखीवाले आणि खुर्चीची पोरं, पण खांदा देणाऱ्याने दारात तोंड उघडायचं नाही ही शपथ. खुर्चीतली चाललेली नाही. खजिनदार वाटेत मिळाले होते. म्होरक्या सगळीकडे बघून माझ्यापाशी थांबला.

"वहिनी, तुम्ही पायथ्यापासून आहात ना?"

"मी दोरा आणायला गेले होते."

"पायथ्यापासून चाललात की नाही, तेवढंच सांगा."

"चालले."

त्याने काठी माझ्या हातात दिली. खजिनदार म्हणाले, "अहो, बाईच्या हातात काठी?"

"मनाई आहे का?"

"मनाई नाही, पण असं झालेलं नाही."

"आता होतंय. आणखी काही?"

"त्यांचे यजमान नाहीत, म्हणून कमिटीने..."

"ते दारातल्या बाईचं," म्होरक्या म्हणाला. "काठीवाल्याचा जोडीदार जिवंत असावा असं कुठाय? देवाचीच बायको घर सोडून वर येऊन बसलीय, त्याला तुम्ही काय म्हणता?" खुर्चीतली अध्यक्षांची आई एवढी हसली की पोरांना बांबू सावरायला लागले.

तिथून वरपर्यंत मी काठी टेकत चढले. टेकायला काठी असली की गुडघा गप्प बसतो, हे मला पहिल्यांदाच कळलं.

वर सगळं गाव. अध्यक्ष दाराशी उभे, मला काठीसकट बघून त्यांचा चेहरा पंक्चर झाल्यासारखा. पण मागून त्यांच्या आईची खुर्ची वर आली, ते तिकडे धावले. तेवढ्यात मी काठीने दार वाजवलं. या दारापुढे मी आयुष्यात पहिल्यांदा बाहेरून उभी होते. फटीतून आत किती अंधार दिसतो बाहेरून. "आले" म्हणणार होते, जीभ चावली आणि म्हटलं, "मी आलोय."

आत कागद कुरकुरला. ती वाचायच्या बेतात होती. मी म्हटलं, "थांब. तू काही बोलायच्या आत सांगतो. दर वर्षी मी म्हणतो, खाली चल. यंदा ते म्हणायला आलो नाही. तू येऊ नकोस."

पताका ऐकू यायला लागल्या. मग लाउडस्पीकरवरून हॅलो म्हणाला, "मावशी, कागदाप्रमाणे." अख्ख्या दरीत घुमलं, कागदाप्रमाणे, प्रमाणे. कोणीतरी माईकची वायर काढली. कोणी ते मला माहीत नाही, मी दाराकडे बघत होते.

आत कागद पुन्हा कुरकुरला. मला वाटलं घाबरली पोरगी, आता कागदच वाचणार, आणि तिने "येते" म्हटलं की संपलं, शब्द झाला. लोकांनी श्वास धरलेला. आणि मग आतून तिचा आवाज आला, अगदी हळू, पण स्पष्ट:

"मग कशाला आलात?"

लेका, हे कागदात नव्हतं.

मी म्हटलं, "बघायला आलो."

"पाठ बघायला?"

"पाठ तर पाठ."

बायका हसल्या. ती थांबली, पुरती थांबली, शिकवलं होतं तशी. मग म्हणाली, "खाली नवं देऊळ बांधलंय म्हणे. सावली आहे. पंखे आहेत."

"आहेत. मी बसतो तिथे. लोक येतात, माझी स्तुती करतात, मी ऐकतो. पण माझं तुला माहीत आहे, स्तुती सुरू झाली की मी उठत नाही. वर्षातून एक दिवस मी उठतो, तो तू वर आहेस म्हणून. तूही खाली आलीस तर मी बसलोच कायमचा."

"आणि मीच येते म्हटलं तर?"

तिला खरंच विचारायचं होतं ते. घरी सासरे, इथे देव, मध्ये ती. मी म्हटलं, "मी दार लावून घेईन. तू वर आलीस ती तुझ्या पायांनी. खाली कोणाच्या हातांनी आलीस असं लोक मला विचारतील, मी काय सांगू?"

मग तिचा आवाज आला, यावेळी दार ओलांडून पार पायऱ्यांपर्यंत गेला असेल:

"फार बोललात. बाहेर ऊन आहे. पाणी प्या आणि उतरा."

दार उघडलं. ती हातात तांब्या घेऊन उभी, तोंड लाल, आणि कागदाची घडी करून तांब्याखाली धरलेली, पाणी ठिबकू नये म्हणून. तिने आधी देवाला पाणी दिलं, मग मला. मी प्यायले. काठीवाल्याला मिळतं ते पाणी. तुझे बाबा म्हणायचे त्याची चव वेगळी असते. मला वाटायचं उगाच सांगतात.

पुजाऱ्याने अध्यक्षांच्या आईसमोर आरसा धरला. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग मुलाला म्हणाली, "बघ, आले की नाही मी." ते छत्री धरून उभे राहिले तिच्यावर.

नंतर मात्र मला गाठलंच. "मावशी, हे तुम्ही ठरवून केलंत."

"मी दोरा आणायला गेले होते."

"दाखवा दोरा."

मी दाखवला. लाल.

रविवारी कमिटीने बोलावलंय, माफी मागायला. जाईन. चहा पिईन. माफी मागणार नाही. ते म्हणाले, पुढच्या वर्षी पाहून घेऊ. मी म्हटलं, पुढच्या वर्षीच पाहावं लागेल, तोवर दारातला शब्द आहे. खुर्ची मात्र ठेवायची ठरली, तसल्या आणखी बांधणार आहेत म्हणे. सुनेने घरी सांगून टाकलंय, की यापुढे आजी गाभाऱ्यात शेजारी असतील तरच ती बसेल, नाहीतर दुसरी सवाष्ण शोधा. तिच्या सासूने म्हणे जेवताना तिला दुप्पट वाढलं.

आता तुझं. काठी मी घरी आणलीय, पुढच्या उत्सवापर्यंत माझ्याकडेच. म्होरक्याने विचारलं, "वहिनी, पुढच्या वर्षी तुम्ही आत बसणार, मग काठी कोणाकडे?" मी म्हटलं, "माझ्या मुलाकडे." तो म्हणाला, "तो तर रागावून गेलाय ना?" मी म्हटलं, "म्हणूनच. नाहीतर चढून काय बोलणार तो?" पालखीवाल्यांनी मान्य केलं. मी तुला विचारत नाहीये, कळवते आहे.

पायथ्यापासून चालत यावं लागेल, आपल्याकडे लिफ्ट नाही. चिमणीला पुढे घाल, ती दमणार नाही. कागद-बिगद आणू नकोस. देवाला एकच गोष्ट म्हणायची असते, "खाली चल", आणि तुझ्याइतकं ते मनापासून म्हणणारा या डोंगरावर दुसरा कोणी नाही. सगळ्या गावासमोर म्हण, काय पाहिजे ते बोल, आवाज चढव. मी दाराच्या आत असेन. तू नवं काहीतरी शोधून ये, मीही माझं शोधून ठेवते.

तुझी आई